तिसऱ्या आग्रहानंतर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते अफरूजने मिठाईचा डबा दाखवून करून घेतलं.

डबा इराणमधल्या यज्दचा होता. यज्दची माणसं परदेशी जाताना एक वेळ कपडे कमी नेतील, पण घोत्ताब नेल्याशिवाय राहणार नाहीत. बदाम-वेलदोड्याचं सारण भरायचं, तळायचं आणि पिठीसाखरेत घोळवायचं. खाणारा खाताना बोलायला गेला की समोरच्याचा कोट पांढरा. अमेरिकेत मिनेसोटाला पोचल्यावर विद्यापीठाच्या भूजल विभागातल्या सगळ्यात ज्येष्ठ प्राध्यापकांना, ऑर्विल हौगेन यांना, हा डबा द्यावा, दोन गोड शब्द बोलावेत आणि निघावं, एवढाच तिचा बेत होता. हौगेन पीएचडीच्या मुलांना प्रगत गणित शिकवत. अफरूज एम. एस.च्या पहिल्या सत्रात. त्यांच्या वर्गाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण नुसता डबा टेबलावर ठेवून कसं निघणार? आईने तसं शिकवलं नव्हतं.

"उस्ताद," ती म्हणाली, "तुमच्या वर्गात बसायची माझी योग्यता असती तर आणखी काय हवं होतं!"

यज्दमध्ये हे असलं वाक्य दिवसातून शंभरदा कानावर पडतं आणि त्याचा अर्थ 'बरंय, येते मी' इतकाच असतो. पण हौगेन यज्दचे नव्हते. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांचा नातू, सहा फुटांहून उंच, आणि एवढ्या उंचीचा माणूस लाजला की किती लाजरा दिसतो तितका लाजरा.

"अगं, मग ये की," ते म्हणाले.

"छे छे, उस्ताद. माझा उगाच भार होईल तुम्हाला."

"भार कसला? ये तू."

"नको, नको. माझ्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा."

"एक खुर्ची जास्त, एवढंच ना? ये म्हणतोय ना मी."

हे झालं तिसऱ्यांदा. यज्दमध्ये पहिले दोन आग्रह रीतीचे असतात आणि तिसरा खरा. तिसऱ्यालाही नाही म्हणणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटणं. अफरूजने छातीवर हात ठेवला, मान झुकवली आणि म्हणाली, "तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते, उस्ताद." हौगेननी तिथल्या तिथे, संगणकावर दोन बोटांनी टकटक करत, तिचं नाव वर्गात घातलं. त्यासाठी तिचा प्राथमिक भूजलाचा सोपा विषय काढावा लागला. तोही त्यांनीच काढून दिला.

झालं. तिथून पुढे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हौगेन फळा भरून समीकरणं लिहायचे, अफरूज वही भरून उतरवायची. फळ्यावरचं वहीत यायचं, वहीतलं डोक्यात जायचं नाही. अर्ध्या तासाने हौगेन वळून विचारायचे, "अफरूज, जमतंय ना?" आणि ती म्हणायची, "अप्रतिम, उस्ताद." मग हौगेन का कोण जाणे, तेच सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून समजावून सांगायचे. मागच्या बाकावरची मुलं जांभया द्यायची. सत्राच्या मध्यावर परीक्षा झाली. तिचा पेपर हौगेननी पालथा घालून तिच्यासमोर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बर्फ लवकरच पडणारसं दिसतंय."

तिने पेपर सरळ केला, गुण बघितले आणि तो पुन्हा पालथा घातला.

आणि गोष्ट एका विषयाची नव्हतीच. नापास झाली असती तर सरासरी घसरून विभागातलं काम गेलं असतं, आणि त्या कामावर तिची फी चालत होती. बरं, विषय सोडून द्यावा, तर परदेशी विद्यार्थ्याला सत्राला तीन विषय घ्यावेच लागतात. आपल्या मनाने एक सोडला की व्हिसा गेला. आणि तिचा व्हिसा एकदाच आत येण्यापुरता होता. बाहेर पडली की शिक्षण संपलं. यज्दच्या वाळवंटाखाली पूर्वजांनी खणलेली पाण्याची भुयारं आटत चाललीत, त्यांचं काहीतरी करायचं म्हणून ही मुलगी एवढ्या लांब आली होती. भूजलाची विद्यार्थिनी, आणि तिचीच ही गत: इकडे आड, तिकडे विहीर.

मधली एकच वाट होती. चुकीच्या पातळीच्या वर्गात नाव पडलं असेल, तर अख्ख्या अभ्यासक्रमात एकदा, एका सत्रापुरता एक विषय कमी करायची परवानगी मिळते. पण आधी परवानगी, मग सोडणं; उलट केलं की खेळ खलास. आणि विषय सोडायची मुदत त्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती.

परवानगी द्यायचं काम परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीतल्या कारुसोबाईंचं. बाई न्यू जर्सीच्या. मनात येईल ते बोलायचं आणि कानावर पडेल ते खरं धरायचं, असा खाक्या. अफरूज मंगळवारी त्यांच्यापुढे जाऊन बसली. बाईंनी तिचे गुण बघितले, विषय बघितले आणि कपाळाला हात लावला.

"पहिल्या सत्राला तुला या वर्गात घातलं कुणी? सरळ सरळ चुकीचा वर्ग आहे हा. एक विषय कमी करायची परवानगी हवीय का तुला?"

'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. आणि अफरूज म्हणाली, "नको, नको. तुम्हाला कशाला त्रास? तुमच्यामागे काय कामं कमी आहेत?"

"बरं," कारुसोबाई म्हणाल्या. "नको तर नको."

आणि त्यांनी तशी नोंद केली.

अफरूज बसून राहिली. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून तिने त्यांच्या टेबलावरची कुंडी बघितली, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पुन्हा कुंडी बघितली.

"अजून काही?" बाईंनी विचारलं.

"नाही. तुमचे हात कधी दुखू नयेत," तिने यज्दच्या रीतीने आभार मानले.

"माझे हात?" बाईंनी दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. "ठीक आहेत की."

बाहेर आल्यावर अफरूज मुद्दाम सावकाश चालली. यज्दमध्ये चहा नको म्हणून उठलात तर यजमान जिना उतरून मागे येतो. ती जिना उतरली, दारापाशी थांबली, कोटाची बटणं एकेक करून लावली. मागे कुणी आलं नाही.

घरी शमसी खानुम कांदा चिरत होत्या. अफरूज त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. खानुम तीस वर्षांपूर्वी इराणहून नवऱ्यामागे इथे आल्या. नवरा गेला, थंडी राहिली, असं त्याच सांगायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली.

"नको म्हणालीस?"

"एकदाच म्हणाले, खानुम."

"अगं गाढवे, इथे एकदाच पुरतं! मी नवीन होते तेव्हा शेजारी टेक्सासची बाई होती. सणाला जेवायला बोलावलं तिने. ही एवढी थोरली टर्की! मला विचारते, 'वाढू का?' मी आपली म्हटलं, 'नको गं, पोट भरलंय.' 'बरं,' म्हणाली. ती टर्की माझ्या डोळ्यांदेखत फ्रीजमध्ये गेली गं, अफरूज-जान! घरी येऊन रडत रडत शिळा नान खाल्ला मी, कांद्याबरोबर."

"पण बाई पुन्हा विचारतील, असं मला..."

"नाही विचारणार! मेलीस तरी नाही विचारणार. उलट तुझ्या कबरीवर फुलं ठेवून म्हणेल, बिचारीला काही नको होतं."

त्या रात्री जेवताना खानुमनी शिकवणीच लावली. भाताच्या भांड्याच्या तळाशी तुपात धरलेला खरपूस थर, तहदीग, त्यांनी ताटलीत उलटा काढला आणि अफरूजपुढे धरला. या थरासाठी इराणात सख्खी भावंडं भांडतात.

"हवाय?"

"आधी तुम्ही घ्या, खानुम."

खानुमनी ताटली मागे घेतली आणि समोर बसून, नजरेला नजर देत, कुर्रकन एक तुकडा मोडून खाल्ला.

"हवाय?"

"तुम्हालाच पुरायचा नाही..."

कुर्रकन दुसरा.

"खानुम! हो! हवाय! द्या!"

"असं!" खानुम म्हणाल्या. "आता हेच त्या बाईपुढे. आणि हात-बित दुखायचं काढू नकोस."

गुरुवारी अफरूज कचेरीत शिरली ती बसायच्या आधीच म्हणाली, "हो, हवीय मला परवानगी." बोलून झाल्यावर तिचे कान तापले, भर बाजारात डोक्यावरची चादर सरकावी तसं तिला झालं.

"उत्तम," कारुसोबाई म्हणाल्या. "मग परवा नको का म्हणालीस?"

"ते... परवाचं नको वेगळं होतं."

बाईंनी नाद सोडला. "मला आता हौगेनकडून दोन ओळी हव्यात. हा वर्ग तुझ्या पातळीचा नव्हता, एवढंच. उद्या पाचच्या आत. एक मिनिट इकडेतिकडे झालं तर मी काही करू शकत नाही, आधीच सांगते."

दोन ओळी! बाईंना काय जातंय सांगायला. वयाने वडिलांपेक्षा मोठ्या उस्तादांपुढे उभं राहून म्हणायचं की तुमचं शिकवणं मला निरुपयोगी ठरलं? अफरूज त्या संध्याकाळी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेली आणि परत आली.

शुक्रवारी दुपारी मात्र तिला जावंच लागलं. हौगेनच्या टेबलावर बशी होती. त्यांची बायको मार्लिस दर शुक्रवारी विभागासाठी लिंबाच्या वड्या करून पाठवायची. शेवटची वडी उचलणं त्या भागात पाप समजतात, म्हणून सकाळपासून जो येई तो तिच्यातला अर्धा भाग कापून घेई. आता बशीत सुपारीएवढा तुकडा उरला होता.

"घे ना," हौगेन म्हणाले.

"नको, उस्ताद. तुम्हाला राहू दे."

"मला पुरे झालंय. बरं, वर्ग कसा वाटतोय?"

"अप्रतिम."

"हं. म्हणजे ठीकच चाललंय म्हणायचं."

"तुमची कृपा."

"काही... म्हणजे, काही अडचण वगैरे असली तर... नसेलच म्हणा."

"छे, अडचण कसली!"

मग दोघं बर्फाविषयी बोलले. मग गाडीच्या टायरांविषयी, जे अफरूजकडे नव्हते, कारण गाडीच नव्हती. मग पुन्हा बर्फाविषयी. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून गेले होते. हौगेननी बशी तिच्याकडे जराशी सरकवली, तिने ती जराशी परत सरकवली, आणि त्या बशीकडे बघता बघता अफरूजला खानुमची ताटली आठवली. कुर्रकन मोडलेला तो दुसरा तुकडा आठवला.

"उस्ताद," ती म्हणाली, "मला तुमचं काहीही समजत नाही. पहिल्या दिवसापासून. एक ओळसुद्धा नाही."

हौगेननी चष्मा काढला, स्वेटरच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"हं," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं तसं."

"वाटलं होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. फळ्यावर माझी बाही घासून एक डाग पडला होता. तू तो डाग वहीत उतरवलास. छान छायेबियेसकट."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"पण मुळात मला घेतलंतच कशाला, उस्ताद? मी नको म्हणत होते!"

"तेच तर! तू नको म्हणत होतीस!" हौगेनचा आवाज चढला, म्हणजे इतरांचा असतो तेवढा झाला. "आमच्याकडे ज्याला हवं असतं तोच नको म्हणतो. ज्याला खरंच नको असतं तो म्हणतो, 'बघू.' मी आपलं बोलायचं म्हणून एकदा म्हटलं, ये. म्हटलं, ही आता 'बघू' म्हणेल आणि जाईल. तू म्हणालीस नको! मग तिथे सोडून कसं द्यायचं? उद्धट दिसतं ते. पुन्हा म्हटलं. पुन्हा नको! तिसऱ्यांदा 'ये' म्हणताना मी मनात म्हणत होतो, आता तरी 'बघू' म्हण."

"आणि मी मनात म्हणत होते, आता तरी थांबा!" अफरूज म्हणाली. "तुम्ही तिसऱ्यांदा म्हणालात! तिसऱ्यांदा म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?"

"कुणीच नाही," हौगेन खिन्नपणे म्हणाले. "मार्लिस रोज रात्री तेच बोलते. ऑर्विल, तिसऱ्यांदा म्हणायची काय गरज होती? रोज मी तुझ्यासाठी दुसऱ्या दिवसाचा पाठ सोपा करून लिहीत बसतो, आणि ती बाजूला बसून हेच म्हणते."

तेव्हा अफरूजला कळलं, की प्रत्येक गोष्ट दोनदा का सांगितली जात होती. ती आधी हसली, मग तिला राग आला. दोन शहाण्या माणसांनी अर्धं सत्र एकमेकांचा मान राखला आणि त्यात तिचं वाटोळं व्हायची वेळ आली होती. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काय उगाच? आणि मग या उंच म्हाताऱ्याने आपल्यासाठी रोज रात्र जागवली, हे मनात येऊन तिचे डोळे भरून आले. तिने ते लपवले नाहीत. आज सगळाच निर्लज्जपणा चालला होता.

"उस्ताद, मला पाचच्या आत तुमच्या दोन ओळी हव्यात. हा वर्ग माझ्या पातळीचा नव्हता म्हणून. आत्ता. नाहीतर मला घरी जावं लागेल."

हौगेननी घड्याळ बघितलं, लिहिलं, कोट घातला, आणि तुकडा इथे राहिला तर वाया जाईल म्हणून बशीही उचलली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं. दोघं जवळजवळ पळतच निघाले. कचेरीच्या दाराशी मात्र हौगेननी दार उघडून धरलं आणि म्हणाले, "हो पुढे."

"असं कसं? आधी तुम्ही, उस्ताद."

"नाही, नाही, तू."

"तुमच्या आधी माझं पाऊल..."

"दार लावा!" आतून कारुसोबाई ओरडल्या. "थंडी येतेय, आणि पाचाला दहा कमी आहेत!"

दोघं एकदम शिरले आणि चौकटीत अडकले.

बाईंनी कागद घेतला आणि मोठ्याने वाचला. "'सदर विषय विद्यार्थिनीस काहीसा वेगळा वाटला असण्याची शक्यता अगदीच नाकारता येत नाही.' हे काय आहे, ऑर्विल?"

"तेच... दोन ओळी."

"याचा अर्थ हो की नाही?"

"म्हणजे, तसं बघायला गेलं तर..."

"तसं नको. मला वर लिहावं लागतं. वर्ग हिच्या पातळीचा होता की नव्हता?"

हौगेनचे कान लाल झाले. त्यांनी बशी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. अफरूजच्या 'हो'ला खानुमची शिकवणी तरी मिळाली होती. या बिचाऱ्याला सत्तरीत, कुणी न शिकवता, तिच्यासाठी हे करायचं होतं.

"नव्हता," हौगेन म्हणाले. "अजिबात नव्हता. मी तिला घ्यायलाच नको होतं. चूक माझी."

"नाही, नाही, उस्ताद, चूक खरं तर माझी..."

"तू गप्प बैस," कारुसोबाई म्हणाल्या. "चुकीची वाटणी बाहेर जाऊन करा. ऑर्विल, जे बोललात तेच इथे लिहा. आणि तू, परवानगी हवीय? एकदाच विचारतेय."

"हो."

बाईंची बोटं भराभर चालली. हौगेननी लिहिलं, दोन शब्द खोडले, बाईंनी डोळे वटारल्यावर ते पुन्हा लिहिले. "झालं," बाई म्हणाल्या. "परवानगी मिळाली. पुढच्या सत्राला पुन्हा पूर्ण तीन विषय घ्यायचे, विसरू नकोस. आता तो विषय सोड, माझ्यासमोर." अफरूजने फोनवर बोट टेकवलं आणि प्रगत गणित तिच्या आयुष्यातून गेलं. ती खुर्चीत बसली.

हौगेननी बशी पुढे केली. "घे आता."

"नको, तुम्ही घ्या, उस्ताद."

"नाही, तूच."

कारुसोबाईंनी हात लांबवून तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. "कुणाला नकोच होता ना?" त्या चघळत म्हणाल्या. "मस्त आहे की."

बाहेर पायरीवर दोघं जरा थांबले. हौगेन रिकाम्या बशीवरचं बर्फ बोटाने पुसत होते.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले, "आधीचे विषय झाले, की माझ्या वर्गात ये."

'माझी कुठे तेवढी योग्यता' हे वाक्य अफरूजच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. त्याऐवजी तिने जे विचारलं, ते यज्द शहर वसल्यापासून कुणी कुणाला विचारलं नसेल.

"उस्ताद, हे तुम्ही खरंच म्हणताय, की बोलायचं म्हणून?"

हौगेननी बराच विचार केला. असं कुणी त्यांनाही कधी विचारलं नसावं.

"खरंच," ते म्हणाले. आणि पुन्हा काही म्हणाले नाहीत.

ती दुसऱ्या आग्रहासाठी थांबली नाही. "मग येईन," अफरूज म्हणाली.